शस्त्रक्रियेत चेहऱ्याची नस दुखावली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं बहुतेक काम चेहऱ्याचं. कानाच्या, लाळग्रंथीच्या किंवा मेंदूजवळच्या गाठीच्या ऑपरेशननंतर ज्यांचं तोंड वाकडं झालं त्यांचे मेसेज येतात, बहुधा रात्री अकरानंतर, आणि सोबत फोटो: एक बाजू हसतेय, दुसरी जागची हललेली नाही. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली. हे सगळं ऑपरेशननंतरच्या लकव्याबद्दल आहे. आपोआप होणारी बेल्स पाल्सी हा वेगळा आजार, आणि मोबाइलवर सापडणारा बराचसा सल्ला तिच्यासाठी लिहिलेला असतो. घाईत असाल तर आधी प्रश्न ५ वाचा, बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल.

१. ऑपरेशन कानाचं होतं, मग चेहरा का वाकडा झाला?

चेहरा हलवणारी नस, म्हणजे फेशिअल नर्व्ह, मेंदूपासून निघते, कानाच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून सुमारे तीन सेंटिमीटर वळणं घेत जाते आणि कानाच्या पाळीखाली बाहेर पडते. तिथून ती गालातल्या पॅरोटिड या लाळग्रंथीत शिरते आणि तिच्या पाच मुख्य फांद्या होतात: कपाळाची, डोळ्याची, गालाची, खालच्या ओठाची आणि मानेची. त्यामुळे कानातलं हाड सडलं म्हणून केलेलं मॅस्टॉइडचं ऑपरेशन असो, पॅरोटिडची गाठ असो की जबड्याच्या सांध्याचं फ्रॅक्चर, सर्जनला या नसेच्या अगदी शेजारी काम करावं लागतं. ऐकण्याच्या नसेजवळच्या गाठीत, जिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात, तर ही नस गाठीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पसरून चिकटलेली असू शकते. ती शाबूत ठेवून गाठ काढली तरी ओढाताणीने ती काही काळ बंद पडते.

फक्त खालचा ओठ एका बाजूला उतरत नसेल आणि डोळा नीट मिटत असेल, तर एकच फांदी दुखावलेली आहे. जबड्याखालच्या लाळग्रंथीच्या ऑपरेशननंतर असं दिसतं. तुम्हाला डोळ्याचे प्रश्न लागू नाहीत.

२. घरचे म्हणतात अंगावरून वारं गेलं. हा अर्धांगवायूच का?

नाही. मेंदूच्या झटक्यात सहसा कपाळ वाचतं. भुवई उचलता येते, आठ्या घालता येतात, खालचा चेहरा तेवढा पडतो. नसच दुखावली की कपाळासकट अख्खी बाजू सपाट होते. मात्र चेहऱ्यासोबत हात किंवा पाय लुळा वाटला, शब्दच सापडेनासे झाले, तर हे पान बंद करून थेट हॉस्पिटल गाठा.

३. नस कापली गेली की नुसती दबली, हे कसं कळणार?

चेहऱ्याकडे बघून कळत नाही, आणि खरा गोंधळ इथेच सुरू होतो. सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये नसेच्या दुखापतीचे तीन प्रकार सांगितले, ते अजून वापरात आहेत. पहिल्यात नस धड असते, संदेश तेवढा थांबलेला असतो. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण बाहेरची नळी शाबूत राहते, म्हणून तंतू पुन्हा आपल्याच वाटेने वाढू शकतात. तिसऱ्यात अख्खी नस तुटते, आणि ती जोडल्याशिवाय जुळत नाही. पहिल्या दिवशी तिन्ही चेहरे आरशात सारखेच दिसतात.

त्यामुळे सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात, नोट वेगळी मागावी लागते. सर्जनना तीन गोष्टी विचारा. नस डोळ्यांनी दिसली होती का? शेवटी ती सलग होती का? शेवटी स्टिम्युलेटर, म्हणजे नसेला बारीक करंट देणारी सळई, लावल्यावर चेहरा हलला का, आणि किती कमी करंटला? कमी करंटला हलला असेल तर आशा बरीच आहे. विचारताना आवाज भांडणाचा नको. मला या उत्तरांवरून पुढचे सहा महिने कसे काढायचे ते ठरवायचं असतं, आणि चिडलेल्या नातेवाइकांना ती उत्तरं बहुधा मिळत नाहीत.

कानाच्या ऑपरेशननंतर लगेच चेहरा पूर्ण लुळा दिसला, तर आधी भुलीच्या इंजेक्शनचा असर उतरायची काही तास वाट पाहतात आणि कानातलं घट्ट पॅकिंग सैल करतात. तरीही बाजू पूर्ण मेलेली, आणि नस शाबूत होती असं सर्जन खात्रीने सांगू शकत नसतील, तर पुन्हा उघडून बघायचा निर्णय लवकर व्हावा लागतो. कापलेल्या नसेचं पुढचं टोक सुमारे तीन दिवस स्टिम्युलेटरला उत्तर देतं, तोवर बारीक फांद्या शोधणं सोपं असतं. नंतर त्या जखमेच्या वणात हरवतात.

ईएमजी तपासणीची घाई करू नका. स्नायूत सुई घालून करायची ही तपासणी दोन-तीन आठवड्यांनंतरच खरं बोलू लागते.

४. शुद्धीवर आलो तेव्हा चेहरा ठीक होता. पाचव्या दिवशी वाकडा झाला. काही चुकलं का?

उलट ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. शुद्धीवर येताना चेहरा हलत होता, म्हणजे नस सलग आहे. नंतर आलेला अशक्तपणा बहुधा सुजेमुळे किंवा नसेत दडून बसलेला विषाणू जागा झाल्यामुळे येतो आणि बहुतेकांचा चांगला भरून येतो. तरी सर्जनना त्याच दिवशी कळवा. औषध सुरू करायचं की नाही हे ते ठरवतील, आणि कानातून घाण येत असेल किंवा ताप असेल तर कारण वेगळं असू शकतं. डोळ्याची काळजी मात्र त्याच रात्रीपासून.

५. डोळा मिटत नाही. आज रात्री काय करू?

पापणी उघडणारा स्नायू वेगळ्या नसेवर चालतो, म्हणून डोळा उघडतो छान, मिटत नाही. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लवतो आणि दरवेळी बुबुळावर ओल पसरते. हे थांबलं की बुबुळ सुकतं आणि त्यावर जखम होऊ शकते. हसू सहा महिन्यांनी परत आलं तरी चालतं. बुबुळावर पडलेला पांढरा डाग मात्र नजर कायमची अंधुक करून जातो.

दिवसा: जागं असताना दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब. एवढ्या वेळा घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, नाहीतर औषधानेच डोळा चुरचुरतो. मधूनमधून बोटाच्या मागच्या बाजूने पापणी हळूच खाली आणून मिटवा.

रात्री: खालची पापणी ओढून वंगणाचं मलम घाला. पातळ थेंब रात्रभर पुरत नाहीत. मग आधी खाली बघा. खाली बघितलं की वरची पापणी आपोआप उतरते, ही युक्ती फुकटची आणि फार कामाची. पापणी बोटाने पूर्ण मिटवा आणि मायक्रोपोरची पट्टी पापणीवरून गालाकडे तिरकी लावा. आरशासमोर बसून घरच्या कुणाकडून एकदा लावून घ्या, मग स्वतः जमते. पट्टी लावल्यावर डोळा उघडायचा प्रयत्न करा. फट पडली तर काढून पुन्हा लावा. कापसाचा किंवा गॉजचा नुसता पॅड ठेवू नका. त्याच्याखाली डोळा उघडतो आणि बुबुळ रात्रभर कापडावर घासत राहतं. सकाळी डोळा लाल का, असं विचारणाऱ्यांपैकी कित्येकांनी पॅडच लावलेला असतो.

पंख्याचा आणि एसीचा झोत तोंडावर नको. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली. एसटीत खिडकीची जागा सोडा. मिरचीची फोडणी पडताना ओट्यापासून लांब. गुलाबपाणी, मध, काजळ, तूप, काहीही नाही.

लाली वाढली, उजेड सहन होईना, थेंब घालूनही धूसर दिसत राहिलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड निघालं आणि बुबुळावर जखम असली, तर जखम चिघळते.

६. डोळ्यातून सारखं पाणी वाहतंय. मग डॉक्टर कोरडा का म्हणतात?

दोन्ही खरं आहे. खालची पापणी सैल पडून बाहेर लोंबते, त्यामुळे पाणी नाकाकडे जायच्या नळीत न जाता गालावर उतरतं. शिवाय सुकलेलं बुबुळ चुरचुरतं म्हणून डोळा आणखी पाणी सोडतो. ते बुबुळावर नीट पसरत नाही, वाहून जातं. म्हणून थेंब बंद करायचे नाहीत. पुसताना रुमाल खालून वर, कानाच्या दिशेने न्या. खाली ओढत पुसलं की सैल पापणी आणखी सैल होते.

७. माझा डोळा जराही दुखत नाही. तरी नेत्रतज्ज्ञ दर आठवड्याला का बोलावतात?

मला सगळ्यात जास्त काळजी अशाच पेशंटची वाटते. बुबुळाची संवेदना दुसऱ्या नसेकडे असते, ट्रायजेमिनलकडे. मोठ्या अकूस्टिक न्यूरोमाच्या ऑपरेशनमध्ये तीही दुखावली गेली असेल तर डोळा मिटत नाही आणि दुखतही नाही. कचरा गेला तरी कळत नाही, जखम झाली तरी कळत नाही. गाल किंवा कपाळ बधिर वाटत असेल तर हे डोळ्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते कापसाच्या धाग्याने बुबुळाची संवेदना पाहतील आणि पिवळं रंगद्रव्य घालून निळ्या उजेडात जखम शोधतील. अशांना प्रश्न १३ आणि १४ मधले उपाय लवकर करावे लागतात, किंवा बुबुळावर पाण्याचा थर धरून ठेवणारी मोठी स्क्लेरल लेन्स बसवावी लागते.

८. किती दिवसांत बरं होईल?

नस नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत. तंतू तुटले असतील तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर हा वाढीचा वेग धरतात. कानाच्या पाळीखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ढोबळ दहा सेंटिमीटर, म्हणजे शंभर दिवस, आणि सुरुवातीचे काही आठवडे तयारीचे वेगळे. दुखापत मेंदूजवळ असेल तर वाट आणखी लांब.

आरशात आधी हालचाल दिसत नाही, आधी ताण परततो. नाक मधोमध येतं, गालावरची पुसलेली रेघ पुन्हा दिसते, विश्रांतीत ओठ कमी लोंबतो. गालाच्या फांद्यांमध्ये आपापसात जोडण्या असतात म्हणून तो भाग बरा परततो. कपाळ आणि खालचा ओठ मागे राहतात, कधी कायमचे.

रिपोर्टवर दिसणारा आकडा हाउस-ब्रॅकमन श्रेणीचा, १९८५ पासूनचा. १ म्हणजे पूर्ण ठीक, ६ म्हणजे हालचाल शून्य. जोर लावून का होईना डोळा पूर्ण मिटला की ३, न मिटला तर ४. घरी दर रविवारी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. रोज आरसा बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

९. मशीनचा करंट किती दिवस घ्यावा?

माझ्या धंद्यातल्या लोकांना हे आवडणार नाही, पण मी देत नाही. मशीन आहे, कोपऱ्यात झाकून ठेवलंय. ज्यांची नस शाबूत आहे त्यांचा चेहरा करंटने लवकर परततो असा भक्कम पुरावा नाही. आणि नस परतत असताना अख्खा गाल एकदम आकसवत राहिलं तर प्रश्न १५ मधली गडबड वाढण्याची भीती अनेक तज्ज्ञांना वाटते. बराच काळ नस नसलेल्या स्नायूवर करंटचा उपयोग होतो का, यावर अभ्यास चालू आहेत. तो निर्णय चेहऱ्याचंच काम करणाऱ्या तज्ज्ञाने घ्यावा, गल्लीतल्या पॅकेजने नाही. शेकायला हरकत नाही. मात्र त्या बाजूचा गाल बधिर असेल तर भाजल्याचं कळणार नाही, पाणी आधी मनगटावर बघा.

१०. च्युइंगगम चघळू का? फुगे फुगवू का?

च्युइंगगमने जबड्याचे स्नायू दमतात आणि ते स्नायू लकव्यात गेलेलेच नसतात. फुगा फुगवताना चांगली बाजू सगळं काम करते, आजारी बाजू फुगून ताणली जाते, आणि आपल्याला मात्र व्यायाम केल्याचं समाधान मिळतं. दोन्ही बंद.

११. मग व्यायाम करायचा तरी कसा?

हालचाल शून्य असताना व्यायाम नाहीच. तेव्हा डोळा सांभाळायचा, बोटांनी गाल हळुवार वर आणि बाहेर मालिश करायचा, आणि चांगल्या बाजूला थोडं शांत बसवायला शिकायचं, कारण तीच तोंड आपल्याकडे ओढत असते.

पहिली थरथर दिसली की काम सुरू. एक नमुना सांगते. आरसा टेबलावर, कोपर टेबलावर, म्हणजे मान ताठत नाही. चांगल्या बाजूच्या गालावर तळहात हलका टेकवा, ती पळून जाऊ नये म्हणून. आता ओठाचा आजारी कोपरा कानाकडे न्यायचा विचार करा. तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं तरी पुरे. पाच मोजेपर्यंत धरा, तितक्याच हळू सोडा. डोळ्याकडे लक्ष ठेवा. पापणी आकसायला लागली की तुम्ही जास्त जोर लावलात, थोडं मागे या. असं पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पोलिसांत असलेले एक गृहस्थ माझ्याकडे येत, त्यांना हे भलतंच कमी वाटायचं. घरी जाऊन दंडबैठकांसारखे पन्नास काढायचे. महिन्याभरात हसताना डोळा बंद व्हायला लागला, आणि मग ते सोडवायला आम्हाला वर्ष लागलं.

डोळ्यासाठी: आधी खाली बघा, मग हळू मिटा. वरची पापणी बोटाने खाली आणून थोडा वेळ ताणून धरा. उघडणारा स्नायू एकटाच काम करून आखडलेला असतो.

१२. जेवताना घास गालात अडकतो, चूळ भरली की पाणी बाहेर, बोलणं कळत नाही. काही सोय?

घास चांगल्या बाजूला घ्या आणि जेवणानंतर जीभ किंवा बोट फिरवून गाल रिकामा करा. अडकलेल्या अन्नाने त्या बाजूचे दात किडतात, दंतवैद्यांना लकव्याचं सांगून ठेवा. चहा बशीतून पिऊ नका, जाड काठाचा कप घ्या आणि आजारी कोपऱ्यावर बोट दाबा. चूळ भरतानाही बोट तिथेच.

बोलण्यात अडखळतात ती ओष्ठ्य अक्षरं: प, फ, ब, भ, म. शाळेत पाठ केलेला तो तक्ता या वेळी कामाला येतो. शिक्षक आणि वकील पेशंटना मी फोनवर बोलताना गाल तळहाताने वर धरायला सांगते. समोरच्याला दिसत नाही, आणि ‘बाबा’ पुन्हा बाबा ऐकू येतं.

१३. पापणीत सोनं बसवतात म्हणे. खरंच सोनं? एमआरआय चालतो का?

खरंच सोनं, आणि शुद्ध. वरच्या पापणीच्या आत साधारण एक ग्रॅमच्या आसपासचा वाकवलेला पत्रा शिवतात. आधी वेगवेगळी वजनं पापणीवर बाहेरून चिकटवून बघतात. डोळा मिटेल पण झापड येणार नाही, ते वजन निवडतात. ऑपरेशन छोटं असतं, पापणी बधिर करून होतं. सोन्याची ॲलर्जी असलेल्यांना किंवा पातळ त्वचेतून फुगवटा दिसेल असं वाटलं तर प्लॅटिनम. दोन्ही धातू चुंबकाला दाद देत नाहीत, त्यामुळे एमआरआय होतो, तरी टेक्निशियनला आधी सांगा. अकूस्टिक न्यूरोमावाल्यांना तर तपासणीसाठी एमआरआय पुन्हा पुन्हा करावाच लागतो.

एक गोष्ट बऱ्याचदा सांगायची राहते. हे वजन गुरुत्वाकर्षणावर चालतं. आडवं झालं की पापणीला खाली ओढणारं काही उरत नाही. म्हणून रात्रीचं मलम चालूच राहतं, आणि उशी जरा उंच घ्या. नस परतली तर वजन काढून टाकता येतं. त्यामुळे ‘थोडी वाट बघू, मग बसवू’ यात मला फारसा अर्थ दिसत नाही. डोळा धोक्यात असेल तर आत्ता बसवा, पुढे काढा. (काढलेलं सोनं घरी नेता येतं का, हाही प्रश्न येतो. डॉक्टरांना विचारा, मंगळसूत्राला पुरेल इतकं नसतं.)

१४. पापण्या शिवायला सांगितल्या आहेत. डोळा कायमचा बंद होणार का?

बहुधा बाहेरच्या कोपऱ्याकडचा थोडाच भाग शिवतात, मधून दिसतं, आणि नंतर उघडता येतं. प्रश्न ७ मधल्या बधिर डोळ्याला कधी जास्त शिवावं लागतं. खालची पापणी लोंबत असेल तर तिचा बाहेरचा कोपरा घट्ट करून हाडाला बांधतात. सोन्याचं वजन वरच्या पापणीचं काम करतं, खालचीचं नाही. दोन्ही एकत्र करावी लागली म्हणून पहिलं फसलं असं समजू नका.

१५. सहा महिन्यांनी चेहरा हलायला लागला, पण हसलं की डोळा मिटतो. हे काय नवीन?

याला सिन्कायनेसिस म्हणतात. पुन्हा वाढलेले तंतू सगळे जुन्या जागी जात नाहीत. हॉलचं बटण दाबावं आणि मोरीतला दिवा लागावा, तसं ओठासाठी निघालेला संदेश पापणीत पोचतो. चार-सहा महिन्यांपासून दिसू लागतं. मानेवर दोर उठतात, गालाची रेघ खोल होते, डोळा बारीक दिसतो. गंमत म्हणजे आता आजारी बाजू ताठ असते आणि चांगली बाजू सैल वाटते. कित्येक जण बोट चुकीच्या बाजूवर ठेवून ‘ही बाजू गेली’ म्हणतात.

इथे जास्त व्यायाम हे उत्तर नाही. आखडलेले स्नायू आधी ताणून सैल करायचे, मग प्रश्न ११ मधली तांदळाच्या दाण्याएवढी हालचाल, डोळा उघडा ठेवून. महिने लागतात. नस परतली याचीच ही खूण, एवढं मी पेशंटना सांगते. त्यांचं समाधान होत नाही आणि का व्हावं?

१६. जेवायला बसलं की एका डोळ्यातून पाणी येतं. आणि एकाच्या गालावर घाम येतो?

दोन वेगळ्या गोष्टी. लाळेसाठी निघालेले तंतू अश्रुग्रंथीकडे गेले की घास तोंडात घेताच डोळा पाझरतो. लोक याला मगरीचे अश्रू म्हणतात. पॅरोटिडच्या ऑपरेशननंतर जेवताना कानापुढे घाम येतो त्यात चेहऱ्याच्या नसेचा दोष नाही. तिथे लाळग्रंथीचे कापलेले तंतू घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. त्रास थोडा असेल तर रुमाल पुरतो. जास्त असेल तर प्रश्न १७.

१७. स्नायू आधीच लुळे, त्यात बोटॉक्स कशाला?

बोटॉक्स म्हणजे स्नायू तात्पुरता सैल करणारं इंजेक्शन, ते लुळ्या स्नायूत देतच नाहीत. प्रश्न १५ मधल्या आगाऊ स्नायूंत, प्रश्न १६ मधल्या ग्रंथींत, किंवा जास्त ओढणाऱ्या चांगल्या बाजूला थोडं देतात. स्नायूंवरचा असर तीन-चार महिने टिकतो. त्या काळात व्यायाम नीट केला तर पुढचा डोस कमी लागतो. नुसतं इंजेक्शन आणि व्यायाम नाही, तर दर चार महिन्यांनी तेच.

१८. नऊ महिने झाले, काहीच हलत नाही. सर्जन म्हणतात थांबा. किती थांबू?

नस न मिळालेला स्नायू हळूहळू सुकतो. साधारण १२ ते १८ महिन्यांत त्याला नवी नस जोडून उपयोग व्हायची शक्यता फार कमी होत जाते, आणि जोडलेल्या नसेलाही वाढायला काही महिने हवेत. हिशोब करा: नवव्या महिन्यात निर्णय म्हणजे वेळ हाताशी आहे, सतराव्या महिन्यात नाही. म्हणून सहाव्या महिन्यापर्यंत डोळ्यांना आणि ईएमजीला काहीच दिसत नसेल, तर चेहऱ्याचं पुनर्रचनेचं काम करणाऱ्या प्लॅस्टिक सर्जनचं दुसरं मत घ्या. ‘नस शाबूत होती’ या एका वाक्यावर दीड वर्ष काढलेले लोक मी बघितले आहेत.

पर्याय असे: चावण्याच्या स्नायूची नस चेहऱ्याच्या नसेला जोडणं, जिची हालचाल काही महिन्यांत दिसते. जिभेच्या नसेचा काही भाग वापरणं. किंवा पायाच्या पोटरीतली नस घेऊन चांगल्या बाजूकडून पूल बांधणं, जो भरायला वर्षाच्या आसपास लागतं. यांतली दोन एकत्रही करतात.

१९. लकव्याला दहा वर्षं झाली. आता काहीच होणार नाही ना?

जुने स्नायू परत येणार नाहीत, पण नवा आणता येतो. मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस हा स्नायू रक्तवाहिन्या आणि नसेसकट गालात बसवतात. जपानमध्ये हारी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हे पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. ज्यांना एवढं मोठं ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी कानशिलावरचा चावण्याचा स्नायू ओठाच्या कोपऱ्याला आणून जोडतात, किंवा मांडीच्या पडद्याची पट्टी घेऊन गाल नुसता वर बांधतात. त्या पट्टीने हसू येत नाही, पण चहा सांडायचा थांबतो. डोळ्याचे उपाय, म्हणजे प्रश्न १३ आणि १४, कुठल्याही वर्षी करता येतात.

२०. पॅरोटिडची गाठ कॅन्सरची आहे आणि नस काढावीच लागणार. आधी काय विचारावं?

नस त्याच बैठकीत जोडणार का, हे विचारा. कानाजवळच्या किंवा पोटरीच्या संवेदनेच्या नसेचा तुकडा मध्ये घालतात. ज्या जागी ती घेतली तिथे बधिरपणा राहतो. नंतर रेडिएशन लागणार म्हणून जोडायचंच नाही, असं नाही. चेहरा पहिल्यासारखा होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. जोडलेल्या नसेचा निकाल सहसा श्रेणी ३ च्या पुढे जात नाही. डोळ्याचं वजनही त्याच बैठकीत बसवता येतं.

२१. चार वर्षांची मुलगी आहे, दिवसभर डोळ्याला पट्टी लावून ठेवतो.

असं करू नका. लहान वयात एक डोळा सतत झाकला किंवा मलमाने धूसर ठेवला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि नजर कमकुवत राहते. पट्टी आणि मलम झोपेत, दिवसा थेंब, आणि मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे नजरेची तपासणी. बाकी मुलांच्या नसा मोठ्यांपेक्षा चांगल्या भरून येतात.

२२. बी-१२ च्या गोळ्या, स्टेरॉइड, नाकात तेल?

बी-१२ कमी असेल तर जरूर घ्या, शाकाहारी लोकांत ते कमी असणं नवीन नाही. पण तुटलेली नस गोळीने जुळत नाही. स्टेरॉइडचा भक्कम पुरावा बेल्स पाल्सीत आणि तोही पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्यास. ऑपरेशननंतर द्यायचं की नाही ते सर्जनचं काम, आणि मधुमेह असेल तर त्यांना आठवण करा. कानाचं किंवा मेंदूचं ऑपरेशन ताजं असताना नाकात काहीही घालू नका. तेल गालाला लावा, डोळ्याच्या कडेपासून दोन बोटं लांब.

२३. चावण्याची नस जोडली. आता भाकरी चावली की गाल वर जातो, पण हसायचं म्हटलं तर जात नाही.

बरोबर चाललंय. गाल आता जबड्याच्या हुकमावर आहे. सुरुवातीला दाढा दाबून हसायचं, आरशासमोर, चांगल्या बाजूच्या मापाने. मग दाढा कमी कमी दाबत जायचं. पुढे काहींना दात न दाबता हसता येतं, काहींना शेवटपर्यंत दाबावे लागतात. जेवतानाची हालचाल पूर्ण जात नाही. माझ्याकडच्या एक काकू पंगतीत बसल्या की शेजारचीला आधीच सांगून ठेवतात, ‘मी तुझ्याकडे बघून हसत नाहीये, चकली कडक आहे.’